‘फॉरमॅट करा, फोटो परत येतात’ : ट्रेल कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दल फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. शेतात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्याचे (हालचाल होताच आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) मेमरी कार्ड वाचले जात नसेल तर काय करावे, हे त्यात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आहे. सांगणे थोडक्यात असे : कार्ड रीडरला लावल्यावर संगणक फॉरमॅट करायला, म्हणजे कार्ड पुसून नव्याने मांडायला, सांगत असेल तर बिनधास्त करावे, ‘क्विक’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, फोटो नंतर मोफत अॅपने परत येतात, उन्हाने कार्ड तापून बिघडते, म्हणून ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे, सोनेरी पट्ट्या पॉलिश पेपरने घासाव्यात, कार्ड जितके मोठे तितके चांगले, कार्डाचा खटका ‘लॉक’कडे ठेवला की कॅमेऱ्यातले फोटो सुरक्षित राहतात, आणि संगणक नसेल तर कार्ड मोबाइलमध्ये घालून मोबाइल सांगेल तसे करत जावे.

हा संदेश बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या माझ्या मावसभावापर्यंत पोहोचला आणि त्याने तो तंतोतंत पाळला. त्याच्या आखाड्यावरची (शेतातल्या वस्तीवरची) कालवड रात्रीत मारली गेली होती. गोठ्यासमोरच्या बाभळीला बांधलेल्या कॅमेऱ्यात काय टिपले गेले आहे, हे त्याला पाहायचे होते. जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये कार्ड घातल्यावर फॉरमॅटची सूचना आली, त्याने संदेशाप्रमाणे पूर्ण फॉरमॅट केले आणि त्या रात्रीचे सगळे फोटो कायमचे गेले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती. तिथे गोठ्याजवळ काय येऊन गेले हे कळणे ही हौसेची बाब नाही. म्हणून या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे, आणि ते देताना माझा सूर थोडा चढला तर वाचकांनी समजून घ्यावे.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे, म्हणून त्यालाच अधिक जागा देतो. कार्डावर दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष फोटोंचा मजकूर, आणि कोणता फोटो कुठे ठेवला आहे याची नोंद. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून पोथी कोरी होत नाही, तसेच नोंद बिघडली म्हणून फोटो नाहीसे होत नाहीत. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची जी सूचना संगणक दाखवतो, तिचा अर्थ एवढाच की त्याला कार्डावरची मांडणी ओळखता आली नाही. याची कारणे अनेक असतात. रीडर जुना असेल, संगणकाच्या प्रणालीला त्या कार्डाची फाइल पद्धत (फाइली मांडण्याची रीत) ठाऊक नसेल, स्लॉटमध्ये धूळ असेल, किंवा कॅमेरा लिहीत असतानाच कार्ड उपसल्यामुळे नोंद अर्धवट राहिली असेल. यांपैकी एकाही कारणावर फॉरमॅट हा फोटो वाचवण्याचा उपाय नाही.

हे माझे एकट्याचे मत नाही. अशा कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या एसडी कार्डांची मानके ठरवणारी एसडी असोसिएशन ही संस्था २००० साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी स्थापन केली. तिच्या मानकानुसार २ जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डे, त्यापुढे ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि ३२ जीबीच्या पुढे २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी असे गट पडतात. एसडीएचसीसाठी फॅट३२ आणि एसडीएक्ससीसाठी एक्सफॅट ही फाइल पद्धत ठरलेली आहे. एक्सफॅट न समजणाऱ्या जुन्या यंत्रात एसडीएक्ससी कार्ड घातले तर ते यंत्र फॉरमॅटची सूचना दाखवू शकते, आणि ती मान्य केली तर कार्डावरचा मजकूर जातो, असा इशारा हीच संस्था देते. म्हणजे ज्यांनी कार्ड घडवले ते एक सांगतात, आणि निनावी संदेश नेमके त्याच्या उलट सांगतो. मावसभावाचे कार्ड ६४ जीबीचे होते. मी नंतर तेच कार्ड नव्या यूएसबी रीडरमध्ये घातले, तेव्हा ते पहिल्याच वेळी ओळखले गेले. दोष कार्डात नव्हताच. पाच मिनिटे थांबून दुसरा रीडर लावून पाहिला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. ‘क्विक’ फॉरमॅट झाल्यावर पुष्कळदा फोटो परत मिळवता येतात, कारण त्यात फक्त नोंदी पुसल्या जातात आणि फोटोंचा मजकूर जागेवरच राहतो. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर नोंदींकडे न पाहता थेट कार्डाच्या मजकुरात शिरते आणि जेपीईजी फोटोच्या आरंभखुणा शोधून फोटो वेगळे काढते. फाइलींची मूळ नावे परत मिळत नाहीत, मात्र फोटोच्या आत नोंदलेली तारीख आणि वेळ शाबूत राहते. पण हाच संदेश ‘क्विक’ची खूण काढायला सांगतो! विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व विंडोज प्रणालींमध्ये पूर्ण फॉरमॅट म्हणजे संपूर्ण कार्डावर शून्ये लिहिणे होय. शून्यांखाली गेलेला फोटो फोटोरेकला काय, कुणालाच काढता येत नाही. मावसभावाच्या कार्डावर फोटोरेक चालवले, तेव्हा एकही फोटो सापडला नाही. ज्याने ‘फोटो परत येतात’ असे लिहिले, त्याने ते परत येण्याची वाट त्याच वाक्यात बंद केली आहे, आणि हे न तपासता शेकडो जणांनी ते पुढे पाठवले आहे.

फोटो हवे असतील तर त्या कार्डावर काहीही नवे लिहिले जाता कामा नये, ना फॉरमॅट, ना नवीन फोटो, ना दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाने केलेले फेरफार. परत मिळवलेले फोटोही त्याच कार्डावर साठवायचे नसतात. ते संगणकाच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या पेन ड्राइव्हवर साठवावेत.

येथेच खटक्याचा मुद्दा घेतो, कारण संदेशात तो पूर्ण उलटा मांडला आहे. कार्डाचे लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे धरला, तर डाव्या कडेला एक छोटा सरकता खटका दिसतो. तो कार्डाच्या आतल्या भागाशी जोडलेला नसतो. रीडर किंवा कॅमेरा त्याची जागा फक्त चाचपतो आणि त्यावरून लिहायचे की नाही हे ठरवतो. तो ‘लॉक’कडे असताना कार्ड कॅमेऱ्यात घातले, तर कॅमेरा कार्ड बंद असल्याची सूचना दाखवतो किंवा नुसताच गप्प राहतो आणि फोटो काढत नाही. आठवडाभर बांधावर कॅमेरा लावून एकही फोटो नाही, अशी तक्रार घेऊन माणसे येतात, तेव्हा बरेचदा हाच खटका सरकलेला असतो. काही कार्डांचा खटका इतका सैल होतो की कार्ड आत ढकलतानाच तो खाली सरकतो. तो वर सरकवून त्या खाचेवर पातळ चिकटपट्टी लावली की काम भागते, पण असे कार्ड शक्यतो बदलावे. खटक्याचा खरा उपयोग कार्ड कॅमेऱ्यातून काढल्यावर, रीडरमध्ये घालण्यापूर्वी आहे. तेव्हा तो ‘लॉक’कडे केला की संगणकाला त्यावर लिहिता येत नाही आणि चुकून फॉरमॅटवर बोट पडले तरी ते होत नाही. मावसभावाने एवढे केले असते, तर त्या संदेशाचे सगळे सल्ले पाळूनही फोटो वाचले असते. मायक्रो कार्डाला असा खटका नसतो, तो त्याच्या अडॉप्टरला असतो.

फ्रीजचा सल्ला निव्वळ अडाणी आहे. जुन्या हार्ड डिस्क फिरत्या चकत्यांच्या असत, आणि अडकलेली डिस्क थंड करून चालू करण्याची एक जुनी युक्ती लोकांनी ऐकलेली असते. कार्डात फिरणारा एकही भाग नाही. एसडी कार्डे साधारणपणे उणे २५ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत चालावीत अशीच बनवलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उन्हात बांधलेला डबा त्याहून बराच तापतो, तरी ८५ अंश फार दूर राहतात. उलट फ्रीजमधून काढलेल्या गार कार्डावर दमट हवेतले पाणी धरते, आणि ते तसेच रीडरमध्ये घातले तर नसलेला बिघाड आपण स्वतः निर्माण करतो.

हवामानाचा खरा फटका सेलना बसतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा सर्वाधिक वीज ओढतो. सेल उतरलेले असतील तर नेमके फोटो लिहिला जात असतानाच विजेचा दाब पडतो, लेखन अर्धवट राहते आणि नोंद बिघडते. हिवाळ्याच्या रात्री थंडीमुळे साधे अल्कलाइन सेल आणखी मंदावतात. त्यामुळे दिवसाचे फोटो व्यवस्थित आणि रात्रीचे फाटलेले दिसत असतील, तर कार्डाआधी सेल बदलून पाहावेत. कार्ड काढताना आधी कॅमेरा बंद करावा, दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच कार्ड दाबून बाहेर घ्यावे. कॅमेरा चालू असताना कार्ड ओढून घेण्याची सवय मी अनेकांच्या हातांना पाहिली आहे, आणि कार्ड बिघडल्याच्या तक्रारींमागे ती फार वेळा असते.

पॉलिश पेपरने घासण्याबद्दल एवढेच म्हणतो की त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि घासल्यावर तो निघून जातो. धुळीमुळे संपर्क तुटतो हे मात्र खरे आहे. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे शिरते, आणि कॅमेऱ्याच्या डब्यात मुंग्या तर हमखास घर करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, आणि रीडरचा स्लॉटही तपासावा.

मोठ्या कार्डाचा सल्लाही अर्धवट आहे. जुने ट्रेल कॅमेरे पुष्कळदा ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड घेतात, आणि ही मर्यादा माहितीपत्रकात छापलेली असते. ती ओलांडली तर कॅमेरा कार्ड नाकारतो, किंवा काही दिवस चालून मध्येच अडतो. शिवाय स्वस्तात मिळणारी अवाढव्य क्षमतेची कार्डे अनेकदा बनावट असतात : आवरणावर मोठा आकडा आणि आत प्रत्यक्ष जागा थोडी. अशा कार्डावरचे सुरुवातीचे फोटो ठीक उघडतात. नंतरच्या फोटोंत वरची पट्टी दिसते आणि खाली सपाट करडा रंग, किंवा फाइलचे नाव असते पण ती उघडतच नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधने पूर्ण कार्ड भरून ते पुन्हा वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. ही चाचणी नवे कार्ड घेतल्याबरोबर करावी. फोटो असलेल्या कार्डावर ती कधीही करू नये, कारण तीसुद्धा कार्डावर लिहिते.

मोबाइलचा मुद्दा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. ओटीजी रीडरने (मोबाइलला बाहेरून जोडायच्या कार्ड रीडरने) फोटो पाहणे ठीक आहे, मात्र खटका ‘लॉक’वर असावा, कारण अँड्रॉइड कार्डावर स्वतःची फोल्डर तयार करतो. खरा धोका मोबाइलमध्येच कार्ड बसवण्याचा आहे. अँड्रॉइड ६ पासून काही मोबाइल कार्डाला अंतर्गत साठा म्हणून वापरण्याचा पर्याय देतात. तो निवडला की कार्ड पुसले जाते आणि पुढचा मजकूर त्या एका मोबाइललाच वाचता येईल असा कूटबद्ध होतो. ‘मोबाइल सांगेल तसे करत जा’ या सल्ल्यात हेही येते.

फॉरमॅट अजिबात करूच नये, असे माझे म्हणणे नाही. फोटो दोन ठिकाणी उतरवून, ते उघडून पाहिल्यावर, कार्ड त्याच कॅमेऱ्याच्या मेनूमधून फॉरमॅट करावे, म्हणजे फोल्डरची मांडणी कॅमेऱ्याला हवी तशी होते. संगणकावर करायचेच असेल, तर एसडी असोसिएशनचे स्वतःचे मोफत फॉरमॅटर वापरावे.

ज्यांच्या गोठ्यावर हल्ला झाला आहे आणि कार्ड उघडत नाही, त्यांनी ते कार्ड बाहेर काढून खटका ‘लॉक’ करावा, कॅमेऱ्यात दुसरे कार्ड घालावे आणि पहिले कार्ड कोरड्या डबीत ठेवावे. वन विभागाला कळवण्यासाठी कार्ड उघडण्याची वाट पाहू नये. १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. पंचनाम्याच्या वेळी वनरक्षकाला मूळ कार्ड किंवा त्यावरून थेट उतरवलेली फाइल दाखवावी. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाखवू नये, कारण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते आणि त्याच्या आतली तारीख-वेळेची नोंद काढून टाकते. फोटोच्या तळाशी छापलेल्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान आणि चंद्रकला असते, पण सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे जाते, म्हणून दुसरे कार्ड घालतानाच ते तपासून घ्यावे.