थंडी हवी, पण बेताची

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनिआपोलिसमध्ये सप्टेंबर सरत आला की आमच्या डेकवरच्या कुंड्या घरात यायला लागतात. तुळस, कढीपत्ता, मोगरा, गवती चहा ही सगळी मंडळी पहिलं हिम पडायच्या आत दक्षिणेच्या खिडकीत जागा धरून बसतात. डोक्यावर जांभळट दिवा. तो सकाळी आपोआप लागतो, रात्री आपोआप विझतो. तुळशीचं तर कार्तिकात लग्नही तिथेच लागतं, अंतरपाट म्हणून टॉवेल धरून. बाहेर उरते एकटी ब्लूबेरी.

"तिनंच काय घोडं मारलंय?" आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारते.

तिने काही मारलेलं नाही. तिला थंडी लागते, म्हणजे हवीच असते. शून्य ते सात अंशांत साधारण हजार तास काढल्याशिवाय ही बया वसंतात डोळे उघडत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल या गृहस्थांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ताडलं होतं. उबदार काचघरात लाडात ठेवलेली रोपं वसंत आला तरी ढिम्म, आणि थंडीत कुडकुडलेली टवटवीत! त्यांनी न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या साथीने या रानझुडपाला माणसाळवलं आणि १९१६ साली लागवडीची ब्लूबेरी बाजारात आली. मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरी जागा नसेल."

थंडीच हवी तर मिनेसोटात काय तोटा, असं कुणालाही वाटेल. आमची जात 'नॉर्थब्लू', इथल्याच विद्यापीठाने १९८३ साली आणलेली, म्हणजे पक्की गाववाली. तिच्या फांद्या उणे तीस अंशही सोसतात. मुळं मात्र त्याच्या कितीतरी आधी मान टाकतात. जमिनीत असती तर माती आणि वरचा बर्फ यांनी त्यांना सांभाळलं असतं. पण हिला माती लागते आंबट, साडेचार ते साडेपाच पीएचची, आणि आमच्या अंगणातली माती ती नव्हे. म्हणून पीट मॉसने, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाने, भरलेली कुंडी, आणि कुंडीला थंडी चहूबाजूंनी लागते. एकूण प्रकार धोंड्याला आलेल्या जावयासारखा: पंखा लावला तर गारठतात, बंद केला तर उकडतं.

मग राहतं गराज. तिथे गाडी असते. उणे पंचविसात गाडी बाहेर ठेवण्यावरून आमच्याकडे जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी भिंतीकडेचा कोपरा मिळाला. कुंडीखाली थर्मोकोल, भोवती गोणपाट, त्यावर बबल रॅप. वरून गोधडी घालणार होतो, तर "माझ्या आजीची गोधडी काटक्यांना?" असा बायकोचा आवाज आला आणि मी ती होती तशी कपाटात ठेवली.

काटक्या हा शब्द मात्र चुकीचा नाही. पानं लाल होऊन गळाली की कुंडीत चार वाळक्या काड्या उरतात. जवळून पाहिलं तर शेंड्यांना गोल, फुगीर डोळे दिसतात, ते पुढच्या वर्षीच्या फुलांचे. खालचे बारीक टोकदार, ते पानांचे. पण जवळून पाहतो कोण? जिवंत आहे का हे बघायला साल नखाने जराशी खरवडायची असते. आत हिरवं दिसलं की झालं. मी हे एकदा पाहुण्यांना दाखवलं. तेव्हापासून जो येतो तो जाता जाता एक ओरखडा काढतो. थंडीतून ही वाचेल, पाहुणचारातून वाचेल याची खात्री नाही.

पाणी घालायचं कामही असतं. माती पार कोरडी पडली तर मुळं वाळतात, आणि बागेतला नळ ऑक्टोबरातच बंद केलेला. म्हणून मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उचलून कुंडीत घालतो. तो हळूहळू विरघळत मुरतो. समोरचे आजोबा एकदा खिडकीतून पाहत होते. सगळं गाव बर्फ बाहेर ढकलतंय आणि हा माणूस फावडं भरभरून आत नेतोय! त्यांनी हात केला. मीही केला. खुलासा कुठून सुरू करायचा?

फेब्रुवारीत एखादा दिवस उबदार निघाला की गराज तापतं आणि ही अवेळी जागी होईल म्हणून दार उघडून ठेवायचं. दार उघडलं की ससे. मिनेसोटातल्या सशाला हिवाळ्यात ब्लूबेरीची कोवळी काडी म्हणजे पर्वणीच, म्हणून कुंडीभोवती तारेची जाळीही आली. मे महिन्यात फुलं आल्यावर एखाद्या रात्री पारा परत घसरतो. तेव्हा बेडशीट पांघरायची. फळं धरली की पाखरांसाठी वेगळी जाळी.

जुलैत वाटीभर ब्लूबेरी निघाल्या. बायकोने एक तोंडात टाकली, मग दुसरी, मग वाटीच जवळ ओढली. मी नर्सरीत हे कौतुकाने सांगितलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड ठेवा, परागीभवन चांगलं होतं, फळं मोठी येतात. आता 'पोलारिस'ही आली आहे. गराजमध्ये दोन कुंड्या बसतात किंवा एक गाडी, आणि यंदा गाडीसाठी बॅटरी गरम ठेवायचं यंत्र बायकोने स्वतःहून मागवलंय.