कंटेनर रेल्वेने पाठवू पाहणाऱ्या निर्यातदारास हिताचे चार शब्द

आपण नागपूर परिसरातून न्हावा शेवाला माल पाठवणारे निर्यातदार असाल, आणि या वेळी कंटेनर ट्रेलरवर न चढवता रेल्वेने रवाना करावा असा देशहिताचा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. डिझेल वाचेल, महामार्गावरची गर्दी हलकी होईल आणि एवढ्या लांबच्या अंतराला भाडेही बहुधा कमी पडेल. या सत्कार्यात एकच पथ्य पाळायचे असते : गाडी बंदरात केव्हा पोहोचेल, असे कोणालाही विचारू नये.

हा प्रश्न शिष्टाचाराला धरून नाही. प्रवासी गाडीला वेळापत्रक असते, म्हणून ती बिचारी उशिरा येऊ शकते. बहुतेक मालगाड्यांना वेळापत्रकच नसल्यामुळे त्यांना उशीर झाला असे सिद्ध करण्याची सोय नाही, आणि या दृष्टीने पाहिले तर मालगाडीइतकी निर्दोष गाडी दुसरी नसेल. फारच तगमग झाली तर रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींची अख्खी गाडी, या क्षणी कोणत्या स्थानकात उभा आहे, हे संगणक आपल्याला अचूक सांगेल. तो तिथून केव्हा हलेल, हे संगणकालाही विचारू नये.

देशातील मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे 25 किलोमीटर आहे, हे ऐकून खचून जाऊ नये. गाडी धावते तेव्हा बऱ्यापैकी धावते. उरलेला वेळ ती लूप लाइनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, थांबून मेल-एक्स्प्रेसना वाट देते. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो खरा, पण कमावत्या माणसाला पहिले ताट वाढण्याची घरातली रीत रुळांवर लागू नसते. शिवाय आपली गाडी इगतपुरीला पोहोचली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण पुढे कसाऱ्याचा, दर 37 मीटरला 1 मीटर चढ-उताराचा, घाट आहे आणि त्याच रुळांवरून मुंबईला वेळेवर पोहोचवायचे प्रवासीही जात असतात.

अर्थात हे सगळे गाडी निघाल्यानंतरचे. निघण्यापूर्वी रेक भरावा लागतो. एका रेकला साधारण 45 वाघिणी, म्हणजे वीस फुटी 90 कंटेनर. तेव्हा आपल्या एका कंटेनरला 89 सोबती मिळेपर्यंत तो यार्डात विश्रांती घेईल, असे गृहीत धरावे. आपला खरेदीदार हॅम्बुर्गमध्ये ताटकळत असेल तर त्याला सामूहिक जीवनाचे महत्त्व पटवून द्यावे. पुढे बंदरात पोहोचल्यावरही एकाच गाडीत निरनिराळ्या टर्मिनलांचे कंटेनर आलेले असतात आणि त्यांची वाटणी व्हायची असते, पण तोवर आपल्या स्वभावात पुरेशी शांती मुरलेली असेल.

एवढे करूनही कोणी विश्वासार्हतेचा विषय काढलाच, तर त्याला वाढीचे आकडे द्यावेत. हा उपाय अनुभवसिद्ध आहे. 2024-25 मध्ये रेल्वेने 161 कोटी टनांहून अधिक माल लादला, विक्रमच तो. त्यातला निम्म्याच्या आसपास कोळसा होता, आणि औष्णिक केंद्राच्या वाटेवरच्या कोळशाला जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल बंदरात पोहोचवण्याची अखेरची वेळ, गाठायचा नसतो, ही गोष्ट उगाच मध्ये आणू नये. राष्ट्रीय रेल्वे योजनेनुसार 2030 पर्यंत देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 45 टक्के व्हायचा आहे. आज तो पाव हिश्श्याहून थोडा अधिक आहे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो चार-पंचमांशाहून अधिक होता. टन मोजणे सोपे असते. दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे मोजायचे, तर आधी शब्द द्यावा लागतो.

एक गाडी जमली नाही तर दुसऱ्या कंपनीची धरू, असा बाणेदार विचार करणाऱ्यांसाठी 2006 पासून खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा आहे. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचे, चालक रेल्वेचा, गाडीला वाट कधी द्यायची हा निर्णय रेल्वेचा, आणि गाडी ओढून नेण्याचे शुल्क, म्हणजे हॉलेज, तेही रेल्वेच ठरवते. शिवाय 1988 साली स्थापन झालेली कॉनकॉर (कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) ही या कंपन्यांची सर्वांत मोठी स्पर्धक रेल्वे मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. याहून निकोप स्पर्धेची अपेक्षा करणे म्हणजे कृतघ्नपणा होय.

आता आपण समर्पित मालवाहतूक मार्गाचे, म्हणजे केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या स्वतंत्र रुळांचे, नाव काढाल. तोही विषय अभिमानाने काढावा. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेवापर्यंत सुमारे 1,500 किलोमीटर, विजेची तार साडेसात मीटर उंचीवर, त्यामुळे विद्युत इंजिनामागे कंटेनरवर कंटेनर रचून नेता येतात. हरियाणा-राजस्थानातल्या रेवाडी-मदार टप्प्यावर जानेवारी 2021 मध्ये अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी निघाली, ती खरोखरच पाहण्यासारखी होती. (हे वाक्य उपरोधाने लिहिलेले नाही.) केवळ मालगाड्यांसाठी रूळ राखून ठेवले तर त्या वेळ पाळू शकतात, हे या मार्गाने दाखवून दिले, आणि म्हणूनच असा मार्ग बांधायला घाई केली गेली नाही. त्यासाठीची कंपनी 2006 मध्ये स्थापन झाली; पालनपूरमार्गे गुजरातची मुंद्रा आणि पिपावाव ही बंदरे आधी जोडली गेली, आणि ज्या न्हावा शेवासाठी मार्ग आखला त्याच्या बाजूचा वैतरणेपासूनचा शंभरेक किलोमीटरचा तुकडा सर्वांत शेवटी ठेवण्यात आला. आपण नागपूरचे असल्याने या विलंबाचे दुःख करण्याचे कारण नाही. हा मार्ग आपल्या बाजूला येतच नाही.

तेव्हा व्यवहारी सल्ला असा. कंटेनर रेल्वेने पाठवावा, पण ओळखीच्या ट्रेलरवाल्याचा क्रमांक हाताशी ठेवावा, कारण तो फोन उचलतो आणि सध्या कोठे आहे हे बहुधा खरे सांगतो. जहाज चुकू नये म्हणून माल नेहमीपेक्षा आठवडाभर आधी रवाना करावा. त्या आठवड्याचे व्याज रेल्वेच्या स्वस्त भाड्यात धरू नये, म्हणजे भाडे स्वस्तच राहील. आणि एखादे वेळी रेक लगेच भरून, घाटात न अडकता, गाडी अनपेक्षितपणे दोन दिवसांत बंदरात दाखल झालीच, तर गांगरू नये : जहाज यायला अवकाश असेल, विनाशुल्क ठेवण्याची मुदत संपत आलेली असेल, आणि वेळेवर पोहोचल्याबद्दलचे जागाभाडे आपल्याच नावावर लागेल.