केसपेपरवर न उतरलेले मृत्यू

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश अकरा दिवसांच्या अंतराने आले. पहिल्यात सगळी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्यास सांगितले होते. दुसऱ्यात नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, बाकीची जिथून उचलली तिथेच सोडावीत असे ठरले. त्या दिवसांत बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आणि तिथून जगभर पांगलेल्या भावंडांच्या फोनवर जी वादावादी सुरू झाली, ती कुत्री कुठे ठेवावीत इथून त्यांच्या उपचारांवर जाऊन पोचली आणि अजूनही पुरती शमलेली नाही.

माझे थोरले बंधू या वादात एका बाजूला आहेत आणि मी दुसऱ्या, असे घरात सगळे धरून चालतात. मी आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, बडोद्यात एका खाजगी दवाखान्यात पाच वर्षे काम केले आणि आता कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, परवान्याच्या परीक्षा देत देत, कुत्र्या-मांजरांच्या तातडीच्या रुग्णालयात रात्रपाळीची तंत्रज्ञ म्हणून काम करते. दादाचे म्हणणे असे, की ज्या गावात सरकारी दवाखान्यात माणसाला खाट मिळवण्यासाठी ओळख काढावी लागते, त्या गावाला कुत्र्यांच्या अतिदक्षता विभागाविषयी आणि त्यातल्या संशोधनाविषयी सांगणे हे परदेशात राहिल्याचे लक्षण आहे. त्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण संशोधन म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे व्हेंटिलेटर आणि काचेच्या भिंती येतात, आणि नेमके तिथेच आमचे अंतर पडते.

माणसाचे हृदय बंद पडले की त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायचा, हे ज्ञान आपल्याला कुत्र्यांकडून मिळाले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग चालू असताना निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या लक्षात आले, की धक्क्याची उपकरणे छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब वर जातो. त्यातून कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा १९६० सालचा निबंध आला आणि बंद छातीवरून हृदय चालवण्याची पद्धत जगभर पसरली. कुत्र्यांसाठी आणि मांजरांसाठी स्वतंत्रपणे पुरावा तपासून लिहिलेले नियम मात्र २०१२ साली, म्हणजे अर्ध्या शतकानंतर, ‘रिकव्हर’ या उपक्रमातून आले आणि २०२४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलणे, मिनिटाला सुमारे १० श्वास हे त्यातले मुख्य सूत्र आहे. एवढे सगळे करूनही हृदय थांबलेल्या शंभर कुत्र्यांपैकी घरी परतणारी सहा-सातही नसतात, तर भूल दिलेली असताना हृदय थांबले तर हेच प्रमाण कितीतरी अधिक असते. या नियमांसाठी लागतात ते शिकलेले हात आणि घड्याळ. बडोद्यात या दोन्हींची कमतरता नाही.

याहून साधे उदाहरण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडलेल्या गुणांकनाचे आहे. गाडीखाली आलेले कुत्रे टेबलावर ठेवले की रक्ताभिसरण, हृदय, श्वसन, कातडी-स्नायू-डोळे, हाडे आणि मज्जासंस्था या सहा गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि बेरीज करायची. अठरापैकी बेरीज जितकी जास्त, तितकी जगण्याची आशा कमी. यात रक्ताची तपासणी नाही, यंत्र नाही, वीज गेली तरी चालते. एकट्या प्राण्याचे भविष्य सांगण्यासाठी हे गुण नसतात, हेही सांगितले पाहिजे, कारण गुण वाईट आले म्हणून उपचार सोडणे हा त्यांचा दुरुपयोग आहे. ते असतात आपल्याकडे आलेले प्राणी आणि दुसरीकडे आलेले प्राणी यांची तुलना करता यावी म्हणून. अशाच नोंदी अमेरिकेतील निवडक रुग्णालयांनी २०१३ पासून एकत्र केल्या, तेव्हा पहिल्या काही वर्षांतच सतरा हजारांहून अधिक कुत्री आणि तीन हजारांहून अधिक मांजरे हिशेबात आली आणि अपघातानंतर कुत्र्यांपैकी ९२ टक्के, तर मांजरांपैकी सुमारे ८२ टक्के जिवंत घरी गेल्याचे दिसले.

नोंद नसली की काय होते, ते मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी अलकापुरीतून फोन आला. लॅब्रॅडोर जातीचा चार वर्षांचा कुत्रा धापा टाकत होता आणि उभा राहू शकत नव्हता. अंगावर गार पाणी ओतू का, असे मालकीणबाईंनी विचारले. गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते, असे आम्ही शिकलो होतो, म्हणून मी त्यांना आधी दवाखान्यात आणायला सांगितले. त्यांना पोचायला पस्तीस मिनिटे लागली. तोपर्यंत त्याचा ताप १०८ अंश फॅरनहाइटवर गेला होता, रात्री शौचातून रक्त जाऊ लागले आणि पहाटे तो गेला. केसपेपरवर मी ‘उष्माघात’ एवढा एक शब्द लिहिला.

पुढे इंग्लंडमधील रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ या प्रकल्पाचे निबंध वाचताना माझे हात थंड पडले. तिथल्या साध्या दवाखान्यांच्या केसपेपरांवरून त्यांनी २०१६ या एका वर्षातल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी चाळल्या. उष्णतेमुळे आजारी पडलेल्यांपैकी साधारण सातातला एक मेला होता. नंतरच्या अभ्यासात असे दिसले, की दवाखान्यात आणण्यापूर्वी जेमतेम पाचातल्या एका कुत्र्याला थंड करण्यात आले होते. आता सल्ला स्पष्ट आहे: आधी थंड करा, मग निघा. तरुण, धडधाकट कुत्र्याला गार पाण्यात बसवावे, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतून वारा घालावा. ब्रिटनसारख्या थंड देशाने ही गोष्ट शोधून काढावी आणि ज्या बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, तिथल्या आम्हा सगळ्यांच्या टेबलांवरून गेलेल्या त्या कुत्र्यांचे एका शब्दापलीकडे काहीही उरू नये, याची टोचणी मला आजही आहे. आमचे केसपेपर तेव्हा कोणी एकत्र वाचले असते, तर त्या बाईंना मी फोनवर दुसरे उत्तर दिले असते.

पण परदेशातल्या आकड्यांनाही एक मोठे भगदाड आहे आणि ते मला इथे येऊन रात्रपाळ्या केल्यावरच कळले. आमच्याकडे प्राणी आला की उपचाराआधी खर्चाचा अंदाज मालकाच्या हातात दिला जातो. रात्री दोन वाजता, स्वेटरखाली झोपायचे कपडे घातलेली माणसे तो कागद वाचतात, एकमेकांकडे पाहतात आणि दयामरणाच्या अर्जावर सही करतात. त्यातले कितीतरी प्राणी वाचण्यासारखे असतात. फुगून पीळ पडलेले पोट, लघवी तुंबलेला बोका, पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेले पिल्लू, यांतले कशानेच मरण अटळ नसते. नोंदीत मात्र तो मृत्यूच धरला जातो. कारण पैशांचे होते की आजाराचे, हे लिहिण्यासाठी जागा असली तरी खरे उत्तर त्या जागेत नेहमी उतरत नाही. म्हणजे अमुक आजारात इतके टक्के प्राणी मरतात असे जेव्हा पाश्चात्त्य निबंध सांगतो, तेव्हा त्यातले किती आजाराने गेले आणि किती सुईने, हा प्रश्न उरतोच. या शास्त्रातली मंडळी हे उघडपणे मान्य करतात.

बडोद्यात याच्या अगदी उलट आहे. तिथे पांजरापोळीची परंपरा आहे, शेजारीपाजारी जीवदया हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि मराठी घरांतही ‘त्याचे आयुष्य असेल तेवढे तो जगेल’ असे म्हणून माणसे कुत्र्याला उशाशी घेऊन बसतात. पाच वर्षांत मला दयामरणाची विनंती फार थोड्यांनी केली. यातून प्राण्यांचे हाल झाले आहेत, मणका मोडलेली कुत्री आठवडेच्या आठवडे कण्हत पडलेली मी पाहिली आहेत, आणि मॉर्फीनसारखी औषधे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे छोट्या दवाखान्यात ठेवणे अवघड असल्याने त्यांच्या वेदनेला पुरेसा उतारही देता आलेला नाही. त्या बाजूचे समर्थन मी करणार नाही. तरीही एक गोष्ट खरी आहे. गंभीर आजारी प्राण्याला मारले नाही तर पुढे काय होते, कोण उठून उभा राहतो आणि कोण नाही, हे जगात जिथे रोज पाहायला मिळते अशा थोड्या जागांपैकी बडोदा एक आहे. आम्ही ते पाहतो आणि लिहीत नाही. इथे लिहितात, पण शेवटापर्यंत पाहत नाहीत.

दादाला मी हेच सांगत आले आहे, की गरीब गावासाठीचे संशोधन श्रीमंत यंत्रांचे असावे लागत नाही. पार्व्हो झालेल्या पिल्लांना रुग्णालयात ठेवणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने मुद्दाम एक चाचणी केली. वीस पिल्लांना दाखल करून शिरेतून सलाइन दिले, तर दुसऱ्या वीस पिल्लांवर बाह्यरुग्ण म्हणून, कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि एकदाच द्यायचे दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक यांवर मुख्य भर देऊन उपचार केले. पहिल्या गटातली अठरा वाचली, दुसऱ्यातली सोळा. बडोद्यातल्या दवाखान्यांत कातडीखाली सलाइन कित्येक वर्षांपासून दिले जाते, नाइलाज म्हणून आणि थोड्या अपराधी मनाने. त्या नाइलाजात किती पिल्ले वाचली हे मोजलेले असते, तर ती चाचणी कोलोरॅडोच्या आधी आमच्या नावावर असती. तापाची म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देणारी घरे, ज्यांना ती गोळी मांजरासाठी विष आहे हे ठाऊक नसते, त्यांचाही आकडा कोणीतरी मोजायला हवा.

साधने आहेत. गुजरातमध्ये २०१७ पासून १९६२ या क्रमांकावर फोन केला की रस्त्यावरच्या जखमी जनावरासाठी करुणा रुग्णवाहिका येते. उत्तरायणात मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी राज्यभर मोहीम चालते. आणंदचे महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे चोवीस तास चालणारे रुग्णालय २०२४ मध्ये उघडले, तेव्हा बडोद्याच्या वर्तमानपत्रांतही त्याचे कौतुक झाले आणि आपल्याकडे असे कधी होणार, असे मला अनेकांनी विचारले. मला वाटते, आधी रकाने आखावेत.

म्हणून गेल्या डिसेंबरात मी एका पानाचा तक्ता करून कारेलीबागेत दवाखाना चालवणाऱ्या वर्गमैत्रिणीला पाठवला. त्यात आणण्याची वेळ, काय झाले, आणण्यापूर्वी घरी काय केले, सहा गुण, बेरीज, आणि शेवटी घरी गेला, दयामरण की आपोआप मृत्यू, एवढेच होते. फेब्रुवारीत तिने पहिल्या भरलेल्या पानाचा फोटो पाठवला. खंडेराव मार्केटजवळ रिक्षाखाली आलेला, साधारण वर्षाचा भटका नर, भाजीवाल्याने रात्री ९.४० ला पोत्यात घालून आणला. बेरीज ११. दयामरण नाही. तिसऱ्या रात्री ४.२० ला मृत्यू.

तो फोटो मी दादालाही पाठवला. दोन दिवस त्याचे उत्तर आले नाही. मग त्याने एकच ओळ लिहिली: त्या तीन रात्रींत त्याला दुखायचे औषध किती वेळा दिले, ते यात का नाही? तक्त्यात तो रकाना नव्हता. मी तो घातला आहे आणि नवा कागद कारेलीबागेला पाठवला आहे.