मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणू नका

१२ मार्च आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरतो: ‘छोट्या भारताला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा!’ पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं आहे, पण मला तो शब्द दरवर्षी खटकतो.

नातं कोण नाकारेल? १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, लाखो माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला गेली, त्यात आपल्या कोकणातलीही होती. राजधानी पोर्ट लुईत हे मजूर जिथे उतरायचे, त्या आप्रवासी घाटावर दगडाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. किती लोक त्या चढले असतील, तेही घरी कधी परतू याचा पत्ता नसताना! त्यांची पतवंडं आज गणेश चतुर्थीला गणपती आणतात, देशभर सरकारी सुट्टी असते. स्वातंत्र्यासाठी तारीखही निवडली ती दांडीयात्रेची.

पण जवळपास अर्ध्या देशाला त्या स्वातंत्र्याची भीती वाटत होती. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत प्रश्न एकच होता: इंग्रजांपासून वेगळं व्हायचं का? स्वातंत्र्य मागणाऱ्या शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीला साधारण ५६ टक्के मतं पडली, विरोधात ४४. इंग्रज गेले की हिंदूंचं राज्य येईल, मग आपलं काय, असं क्रिओल, म्हणजे आफ्रिकन आणि मिश्र वंशाच्या लोकांच्या, वस्त्यांत उघड बोललं जायचं. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल पेटली, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. आणि दोनच महिन्यांत, भर दुपारी बारा वाजता, शां द मार्सच्या रेसकोर्सवर युनियन जॅक उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला.

मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. स्वातंत्र्याला कडाडून विरोध करणाऱ्या गाएतां द्युवाल यांना रामगुलाम यांनी १९६९ मध्ये सरकारात घेतलं, थेट परराष्ट्रमंत्री केलं. ज्या भीतीवर त्या देशाने इतक्या कष्टाने मात केली, तीच आपण ‘छोटा भारत’ म्हणून, कौतुकाच्या नावाखाली पुन्हा उकरून काढतो.

आणि हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांचं काय? १९६५ मध्येच ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली, त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. १९७३ पर्यंत तिथल्या एकूण एक माणसाला बोटीत घालून हाकललं. त्यांची कुत्रीसुद्धा कोंडून, विषारी धूर सोडून मारली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा ठरवली. हे लोक बहुतेक आफ्रिकन गुलामांचे वंशज आहेत. पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. १२ मार्च त्यांचाही आहे. तुमच्या ‘छोट्या भारतात’ त्यांना कुठे बसवणार?

यंदा नुसतं ‘मॉरिशसला शुभेच्छा’ लिहा ना.