अर्गोसला नुसतं ‘इमानी’ म्हणून मोकळं होऊ नका

दर काही महिन्यांनी ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातल्या अर्गोसची गोष्ट फिरत फिरत माझ्याही वॉलवर येते. वीस वर्षं मालकाची वाट पाहणारा कुत्रा, मालक दिसताच शेपटी हलवतो आणि प्राण सोडतो. खाली बदामांचा पाऊस आणि ‘माणसांपेक्षा मुकी जनावरं बरी’. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच सांगितली जाते. गाळला जातो तो भाग मला फार जवळचा आहे, म्हणून हे लिहितोय.

सतराव्या सर्गातला हा प्रसंग. 12 हजारांहून जास्त ओळींच्या महाकाव्यात जेमतेम 38 ओळी. ट्रॉयचं युद्ध 10 वर्षं, परतीची वणवण 10 वर्षं, एवढं सोसून अर्गोसचा मालक, राजा ओडिसियस, इथाकाला म्हणजे आपल्या राज्यात आलाय. पण उजळ माथ्याने घरात शिरायची सोय नाही. त्याच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला टपलेले 108 जण वाड्यात ठाण मांडून त्याचीच गुरं-डुकरं कापून खातायत. म्हणून अथीना देवीने त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं रूप दिलंय. सोबत आहे युमेयस, त्याची डुकरं राखणारा जुना गुलाम. हा भिकारी कोण, हे त्यालाही ठाऊक नाही.

आणि वाड्याच्या दारात उकिरडा आहे. होमर इथे घाई करत नाही. खेचरांचं आणि गुरांचं शेण दारापुढे साठलंय, गडी ते कधीतरी ओडिसियसच्या शेतात खत म्हणून नेतील. त्या ढिगावर अर्गोस पडलाय, अंगभर गोचिडी. ओडिसियसने त्याला हौसेने वाढवलं होतं, पण त्याच्याबरोबर शिकारीला जायचं सुख मिळण्याआधीच ट्रॉयची हाक आली. पुढे तरणी पोरं त्याला रानशेळ्या, हरणं, सशांच्या मागे नेत. मग तो थकला, आणि त्याच्याकडे बघायला कुणी उरलं नाही.

मालक जवळ आल्याचं त्याला कळतं. शेपटी हलते, दोन्ही कान खाली पडतात. उठून पुढे जायचं बळ नाही. ओडिसियसलाही जवळ जाता येत नाही, गेला तर सोंग उघडं पडेल. तो तोंड फिरवून गुपचूप डोळे पुसतो आणि युमेयसला विचारतो, ‘कुत्रा देखणा आहे. पण पळायलाही तसाच होता, की पंगतीपाशी नुसता शोभेला ठेवतात तसला?’ आपण वाढवलेल्या जिवाबद्दल परक्यासारखी चौकशी करायची! मला त्या अश्रूपेक्षाही हा प्रश्न जास्त लागतो.

युमेयसचं उत्तर नीट वाचा. इमानाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तो सांगतो वेग, ताकद, माग काढायची हुशारी. दाट रानात याच्या तावडीतून काही सुटत नसे. आता मालक परमुलखात मेला, आणि वाड्यातल्या बायका याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मालकाचा वचक गेला की गुलाम नीट काम करत नाहीत, आणि माणूस गुलाम झाला त्या दिवशीच देवांचा राजा झ्यूस त्याचं अर्धं सत्त्व काढून घेतो. हे बोलणारा स्वतः राजाचा मुलगा, लहानपणी पळवून विकला गेलेला. त्याच्या तोंडी हे वाक्य घातल्यावर सगळा दोष दासींवर टाकून मोकळं होता येत नाही.

कारण त्याच सर्गात, थोडं आधी, ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस हातात भाला घेऊन वाड्याबाहेर पडतो आणि त्याच्यामागून दोन चपळ कुत्री निघतात. म्हणजे त्या घरात कुत्र्यांची निगा राखली जात होती. धडधाकट कुत्री धाकट्या मालकाच्या मागे, आणि बापाचा कुत्रा उकिरड्यावर! माझं ठाम मत आहे की अर्गोसचं इमान गाताना आपण या घराला फार स्वस्तात सोडतो.

आपल्याला अशा वेळी महाप्रस्थानातला युधिष्ठिराचा कुत्रा आठवतो. पण तिथे कुत्र्याच्या रूपात साक्षात धर्म आलेला असतो, आणि ‘याला सोडून मला स्वर्ग नको’ असं इंद्राला सांगायची मुभा युधिष्ठिराला असते. अर्गोसच्या आत कोणी देव नाही. ओडिसियसला तर त्याचं नाव घेऊन हाकही मारता येत नाही.

ओडिसियसला ओळखायला बाकी सगळ्यांना पुरावा लागतो. दाई युरिक्लियाला तो ओडिसियससारखा वाटतो, पण खात्री पटते पायावरच्या व्रणाने. पेनेलोपी दोघांनाच ठाऊक असलेलं पलंगाचं गुपित काढून परीक्षा घेते. म्हाताऱ्या बापाला, लाएर्तेसला, व्रण दाखवून वर बागेतली झाडं मोजून सांगावी लागतात, 13 नाशपाती, 10 सफरचंदं, 40 अंजिरं. अर्गोसने काहीच मागितलं नाही.

आणि पुढे? दारू पिऊन छपरावरून पडून मेलेल्या एल्पेनॉर या ओडिसियसच्या साथीदारालाही या काव्यात अंत्यसंस्कार मिळतात, त्याच्या मातीवर वल्हं रोवलं जातं. अर्गोसचं नाव पुन्हा येत नाही. ओडिसियस वाडा परत मिळवतो, बापाला भेटतो, पण त्या कुत्र्याला कुणी माती दिली की नाही, हे होमर सांगत नाही. इतकी वर्षं वाचूनही मला ते सहन होत नाही.