तीस तासांची बोट आणि बापूंचा पेढा

बडोद्यात दांडिया बाजारातून सुरसागरकडे वळताना चहाच्या टपरीला लागून जो ओटा आहे, त्यावर आम्ही चौघे गेली कित्येक वर्षे संध्याकाळी बसतो. परवा मात्र नेहमीचे राजकारण बाजूला राहिले आणि दीड तास एका कुत्र्यावर गेला.

बापूंची लेक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. जावईबापूंना उत्तर स्पेनमध्ये नोकरी लागल्यामुळे त्यांना बिऱ्हाड हलवायचे आहे, आणि त्या बिऱ्हाडात पेढा नावाचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर आहे. पोर्ट्समथहून उत्तर स्पेनमधल्या सान्तान्देरला मोटारीसकट नेणारी बोट आहे. तिला साधारण तीस तास लागतात. दुसरी वाट डोव्हरहून कॅलेपर्यंतच्या दीड तासाच्या बोटीची, आणि पुढे सबंध फ्रान्स उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडणाऱ्या हजार किलोमीटरांहून अधिक रस्त्याची. लेकीचा कल मोठ्या बोटीकडे होता आणि तिकीट लवकर काढायचे होते, कारण कुत्र्यासह राहता येईल अशा केबिन मोजक्याच असतात आणि त्या आधी भरतात.

अण्णांनी ऐकल्या ऐकल्या मोठ्या बोटीला विरोध केला आणि दुसरी वाट धरायला सांगितले. ते रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे कुत्र्याच्या प्रवासाविषयीचे त्यांचे मत पुस्तकी नाही. आपल्याकडे वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन स्वतःच्या नावावर असेल तरच कुत्रा मालकाजवळ राहतो; नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या खोक्यात होते. "त्या खोक्यात रात्रभर थरथरणारी कुत्री मी पाहिली आहेत बापू, आणि गाडी थांबली की पाण्याची बाटली घेऊन फलाटावरून धावत येणारे त्यांचे मालकही पाहिले आहेत. गाडीला निदान स्टेशन तरी येते. भर समुद्रात कुठले स्टेशन आणायचे?"

बापू सहजासहजी हार मानणारे नव्हेत. भावनगरजवळच्या घोघ्याहून सुरतजवळच्या हजिऱ्याला बोटीने गेले की 370 किलोमीटरांच्या रस्त्याऐवजी 90 किलोमीटरांचा समुद्र पार करावा लागतो, हे भावनगरच्या माणसाला पटते तर इंग्लंडच्या माणसाला का पटू नये, असा त्यांचा सवाल होता. शिवाय पेढ्याला खोक्यात कोणी घालणार नाही, तो केबिनमध्ये त्यांच्या पायाशी झोपेल, हे त्यांनी दोनदा सांगितले.

इथे आमचे डॉक्टर बोलले. ते जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचे म्हणणे असे की बोट लांब की आखूड, हा प्रश्न नंतरचा. आधी कुत्रा बोटीवर राहणार कुठे, ते विचारले पाहिजे. अमेरिकेत बेलिंगहॅमहून अलास्कातल्या केचिकनला जाणाऱ्या सरकारी बोटीला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुत्र्याला खालच्या मजल्यावर मोटारीतच राहावे लागते; मालकाला बंदर आल्यावर किंवा ठरवून दिलेल्या वेळीच खाली सोडतात. अण्णांची खोक्याची तक्रार तिथे अक्षरशः लागू पडते. काही बोटींवर कुत्र्यांसाठी वेगळे पिंजरे असतात. सान्तान्देरच्या वाटेवर मात्र कुत्र्यासह राहण्याच्या केबिन असलेल्या बोटी आहेत, आणि वरच्या डेकवर कुत्र्याला फिरवण्यापुरती मोकळी जागाही आहे; केबिनमधून तिथपर्यंत नेताना मुसके मात्र बांधावे लागते. गंमत अशी की अण्णांनी सुचवलेल्या दीड तासाच्या बोटीवरच कुत्रा बहुधा मोटारीत एकटा मागे राहतो, कारण बोट सुटली की मोटारींचा मजला बंद करतात. खाली इंजिनाचा घरघराट असतो, आणि बोट हलली की एखाद्या मोटारीचा भोंगा उगाच कोकलू लागतो.

अण्णांचा चेहरा पडला. तो पाहून मी माझ्याजवळची एकुलती एक माहिती पुढे केली की इंग्लंड आणि फ्रान्सदरम्यान समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी नेणारी गाडीही आहे. पस्तीस मिनिटांत ती पलीकडे पोहोचते आणि माणसे व कुत्रा आपल्याच मोटारीत एकत्र बसून राहतात. "म्हणजे शेवटी रेल्वेच!" असे म्हणून अण्णांनी चहाची दुसरी फेरी स्वतःच्या खर्चाने मागवली, जे क्वचितच घडते.

डॉक्टरांनी त्यांना फार वेळ आनंदात राहू दिले नाही. बोगद्यानंतरचा हजार किलोमीटरांचा रस्ता उरतोच, आणि लॅब्रॅडोरची मागची हाडे या वयात कुरकुर करू लागतात. मात्र रस्त्याची एक बाजू त्यांनी मोकळेपणाने मान्य केली, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा तोच होता: दर दोन तासांनी मोटार थांबवून कुत्र्याला गवतावर सोडता येते. बोटीवर गवत नसते. जन्मभर माती आणि गवत हुंगून पाय वर करणारा कुत्रा लोखंडी डेकवर नेला की गोंधळतो, वाऱ्याने कान मागे टाकतो आणि काही न करता परत केबिनकडे ओढतो. लोक उलटीची काळजी करतात. सान्तान्देरच्या वाटेवरचा बिस्केचा उपसागर अटलांटिकच्या लाटांना पश्चिमेकडून उघडा असल्यामुळे तिथे बोट हलते, विशेषतः हिवाळ्यात, हे खरेच. पण त्यावर मॅरोपिटंट हे कुत्र्यांसाठीचे औषध डॉक्टरच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी देता येते, आणि खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची केबिन घेतली तर हेलकावेही कमी बसतात. तुंबलेल्या लघवीवर अशी गोळी नाही.

झोपेचे औषध देऊन मोकळे व्हावे, असे बापू पुटपुटले तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा चिडले. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळले जात नाही, आणि तोल सावरता न येणारा कुत्रा हलत्या बोटीवर अधिकच घाबरतो.

कागदपत्रांचा विषय लवकर आटोपला. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना अंगात चिप, त्यानंतर रेबीजची लस आणि त्या लसीनंतर 21 दिवस, शिवाय प्रवासाच्या आधीच्या 10 दिवसांत मिळवलेले आरोग्य प्रमाणपत्र, एवढे लागते; 2021 पासून ब्रिटनमध्ये दिलेला कुत्र्याचा जुना पासपोर्ट तिथे चालत नाही. कधी परत यायचे झाले तर ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांच्या दरम्यान फीतकृमीचे औषध डॉक्टरकडून देऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते.

बापूंनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि सर्वांना ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला. डॉक्टरांनी एकच विचारले: पेढा लघवी कुठे करतो? लेक हसली. शेजारच्या घराच्या कुंपणाला, आणि फक्त त्याच कुंपणाला, असे ती म्हणाली; पाऊस असला तरी ओढत तिथेच नेतो.

"मग कुंपण बोटीवर चढवा," अण्णा म्हणाले.

डॉक्टर मात्र गंभीर होते. पायपुसण्याएवढा कृत्रिम गवताचा तुकडा उद्यापासून त्या कुंपणाच्या बुडाशी ठेवायचा, पेढा त्यावर करू लागला की रोज हात-दोन हात अलीकडे सरकवायचा, करताना ठरावीक शब्द उच्चारायचा, आणि तोच तुकडा न धुता डेकवर न्यायचा. तीन आठवड्यांत तो तुकडा घराच्या गच्चीवर पोहोचला आणि पेढ्याने तिथे काम उरकले, तर केबिनचे तिकीट काढायचे. नाहीतर अण्णांची रेल्वे.

लेकीने विचारले, शब्द कोणता ठेवू? त्यावर चौघांचे चार शब्द निघाले, आणि त्यांतला एकही शेजाऱ्यांसमोर मोठ्याने उच्चारण्याजोगा नव्हता.