ओ-यू-जी-एच वाला फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊन बघू

परत आलाय तो मेसेज. "दो (तरी), थ्रू, टफ, कॉफ, बाउ (फांदी). पाचही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच, आणि उच्चार मात्र पाच. इंग्रजीला नियमच नाहीत. सायलेंट अक्षरं उगाच घुसडलेली. म्हणून तर बर्नार्ड शॉ म्हणाला की फिश हे जी-एच-ओ-टी-आय असं पण लिहिता येईल. आपली मराठी बघा, बोलतो तशी लिहितो." लोक हसतात आणि पुढे ढकलतात. माझी भाची सहावीत आहे, ती हे वाचून मला म्हणाली, मावशी, नियमच नाही तर मी स्पेलिंग पाठ कशाला करू? ते मला फार लागलं, म्हणून हे लिहितेय.

पहिलं, "नियमच नाही". अहो, रोजच्या वापरातले असे शब्द आहेतच किती, वीस-बावीस. त्यात पुढे टी आला की विषय संपला: बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट, ऑट, नॉट (शून्य), सगळे एकाच सुरात, नेहमीच्या शब्दांत अपवाद फक्त ड्राउट. उरलेल्यांत टफ, रफ, इनफ एका घरातले, दो, ऑल्दो आणि कणीक या अर्थाचा डो दुसऱ्या, बाउ आणि प्लाउ तिसऱ्या. खरे एकटे पडलेले शब्द दोन-चारच. आता टी नसेल तर नुसतं बघून उच्चार कळत नाही हे मान्य, तिथे पाठांतर लागतंच, पण वीस शब्दांचं पाठांतर आणि "नियमच नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग एकाच साच्याचे इतके उच्चार का, हा खरा मजेचा भाग आणि मेसेज नेमका तोच सांगत नाही. हे शब्द मुळात एकसारखे नव्हतेच! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत डो साधारण "दाग" होता, थ्रू "थुर्ख", टफ "तोख", बाउ "बोग". स्वर वेगळे, शेवट वेगळे. त्यातल्या बऱ्याच शब्दांत घशातून खरखरत येणारा ख् होता, जर्मनमध्ये तो अजून जिवंत आहे: नाइटला नाख्ट, डॉटरला टॉख्टर, लाफला लाखेन. फ्रान्समधून नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये आल्यानंतरच्या काळात लेखनिक तो ख् दाखवायला जी-एच लिहायला लागले. म्हणजे जी-एच तेव्हा सायलेंट नव्हता, तो चक्क बोलला जायचा. पुढे हा ख् काही भागांत गळून पडला, काही भागांत त्याचा फ झाला, आणि प्रमाण इंग्रजीत कुठला शब्द या बोलीतून आला कुठला त्या, म्हणून थ्रूमध्ये काहीच ऐकू येत नाही आणि टफमध्ये फ येतो. त्यात 1400 ते 1700 च्या दरम्यान इंग्रजीचे दीर्घ स्वर सगळे जागचे हलले, आणि इंग्लंडचा पहिला छापखानेवाला कॅक्सटन, त्याने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तो 1476 मध्ये, म्हणजे ऐन या धांदलीत. छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि जीभ पुढे निघून गेली. याला वेडेपणा कसं म्हणायचं?

"सायलेंट अक्षरं उगाच". अर्धं खरं, बाकी नाही. आय-जी-एच एकत्र दिसलं आणि त्याच्या आधी दुसरा स्वर नसला की तिथे "आय" म्हणायचं, हाय, साय (उसासा), नाइट, राइट, फाइट, कुठेही चुकत नाही, म्हणजे तो जी-एच स्वतः गप्प राहून आधीच्या आयचा उच्चार सांगतोय. पण डिलाइटमधला जी-एच खरंच उपरा आहे, तो शब्द फ्रेंचमधून आला, त्यात ख् कधीच नव्हता, लाइटकडे बघून लोकांनी तो चिकटवला. कुडमधला एल पण तसाच, वुड आणि शुडच्या नादाने आलेला. तिथे मेसेजवाल्यांचं मी मान्य करते.

आता फिश. हे शॉचं नाहीच. 1855 च्या एका पत्रात हे जसंच्या तसं सापडतं आणि शॉचा जन्म 1856 चा! त्याला स्पेलिंग सुधारायचं होतं, मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसेही ठेवले होते, म्हणून त्याच्या नावावर खपलं इतकंच. त्यात टफमधला जी-एच म्हणजे फ, विमेनमधला ओ म्हणजे इ आणि नेशनमधला टी-आय म्हणजे श असं जोडून फिश केलंय, आणि मुळात ते चुकीचं आहे. शब्दाच्या सुरुवातीला जी-एच आला तर तो ग असतो, गोस्ट, घेटो बघा, फ कधीच होत नाही. ओचा इ होतो तो विमेन या एकाच शब्दात. टी-आयचा श होतो तो नेशन, पेशंटसारखा मधे आणि पुढे स्वर असेल तर, शेवटी आला तर ग्राफिटी. म्हणजे इंग्रजी येणारा कुणीही जी-एच-ओ-टी-आय बघून "गोटी" असंच वाचेल, आणि तो तसं वाचतो याचाच अर्थ नियम आहेत.

शेवटचा मुद्दा मराठीचा. चार आणि चारा मोठ्याने म्हणा, च एकच आहे का? जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण, लिहायला सारखंच. घर लिहितो, म्हणतो घर्. आणि जुनी पुस्तकं उघडा, गांव, नांव, केलें, तो अनुस्वार कधीकाळी नाकातून बोलला जायचा, बोलणं थांबलं तरी कागदावर राहिला, 1962 च्या लेखननियमांनी काढला तेव्हा गेला. जी-एचची गोष्ट याहून वेगळी नाही.

भाचीने मग वहीच्या एका पानावर खण पाडले, ऑटचा खण, अफचा, ओचा, आउचा. ड्राउट आउच्या खणात टाकून त्याला लाल गोल केला. मग कुठूनतरी उचकीचं ते जुनं स्पेलिंग घेऊन आली, ओ-यू-जी-एच वालं, मावशी, हे हिकप कुठे टाकू? म्हटलं कुठेच नको, लोकांना वाटलं उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार म्हणून त्यांनी कॉफचं शेपूट लावलं, तू सरळ यू-पी लिही.